पाना बसला पाहिजे!

गेल्या ऑगस्टमध्ये एका रविवारी आणि लगेच दुसऱ्या दिवशी सोमवारी आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये सकाळचा चहा पाऊण तास उशिरा आला, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. रविवारचं कुणाला फारसं कळलं नाही, कारण अर्धं होस्टेल झोपेतच होतं. पण सोमवारी सेकंड इयरची युनिट टेस्ट होती आणि चहाशिवाय पेपरला गेलेल्या मुलांनी जो काही उद्धार केला, तो इथे छापता येणार नाही. कुणी म्हणालं गॅस संपला, कुणी म्हणालं दूधवाल्याने टांग दिली. मंडळी, गॅसही होता आणि दूधही होतं. चहा उशिरा झाला तो माझ्यामुळे! कसा, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

मेसमधल्या मामांची काळी सायकल सगळ्यांनी पाहिली आहे. पहाटे साडेपाचला कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून मामा डेअरीवरून येतात, तेव्हा कुठे आपला चहा होतो. त्या शनिवारी दुपारी मामा मागचं चाक हाताने फिरवून बघत बसले होते. चाक चांगलंच डुगडुगत होतं. चेनच्या बाजूचे दोन स्पोक तुटले होते.

"दुकानात टाकतो आता संध्याकाळी," मामा म्हणाले.

"कशाला दुकानात? मी देतो करून," मी म्हणालो. थर्ड इयर मेकॅनिकल, मशीन ड्रॉइंगला क्लासमध्ये दुसरा! दोन स्पोक म्हणजे काय मोठं? मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघ बाबा. पण सकाळी दूध आणायचंय."

चाक काढून रूमवर आणलं आणि पहिली अडचण समोर आली. स्पोकचं वाकडं डोकं हबच्या कडेच्या भोकातून ओवावं लागतं आणि चेनच्या बाजूला ती भोकं फ्रीव्हीलच्या मागे झाकलेली असतात. म्हणजे स्पोक बदलायचा तर आधी फ्रीव्हील उतरवलं पाहिजे. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र. पेडल मारलं की चाकाला फिरवतं आणि पाय थांबवले की 'टिक टिक टिक' करत मोकळं राहतं ते.

हे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. आटे नेहमीचेच, उजवे. गंमत अशी की पेडल मारण्याची दिशा आणि आटे आवळण्याची दिशा एकच. त्यामुळे फ्रीव्हील वापरता वापरता आपोआप घट्ट होत जातं. किती घट्ट? आपण इंजिनिअर, तेव्हा हिशोब करू. मामांचं वजन ६० किलो धरा. चढावर उभं राहून सगळा भार एका पेडलवर टाकला तर साधारण ६०० न्यूटन. क्रँकची लांबी १६५ मिलिमीटर, म्हणजे पुढे जवळपास १०० न्यूटन-मीटर टॉर्क. पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते, फ्रीव्हीलला १८. म्हणजे फ्रीव्हीलवर ४० न्यूटन-मीटरच्या आसपास. एवढा पिळा रोज, प्रत्येक चढावर, वर्षानुवर्षं! त्यात दरवर्षीचा पावसाळा आणि आट्यांत बसलेला गंज. हा हिशोब मी नंतर केला हे सांगायला हवं. तेव्हा मी फक्त म्हणालो, "निघेल की!"

मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातल्या माणसाने एक गोल, दातेरी कडेचा पाना फ्रीव्हीलच्या मधोमध सरकवला, हिसका दिला आणि फ्रीव्हील सुटलं. एवढंच! समोरच्या विंगमधल्या एका मित्राकडे गिअरची सायकल आहे आणि त्याच्याकडे अगदी तसाच पाना होता. बाहेरून बारा बारीक दाते असलेला. धावत जाऊन आणला. पण मामांच्या फ्रीव्हीलच्या आत दातेच नव्हते! आतल्या गाभ्याच्या तोंडावर समोरासमोर फक्त दोन खाचा होत्या. त्याला लागतो दोन पाकळ्यांचा पाना. हे लक्षात आलं तेव्हा तरी थांबायला हवं होतं. मागच्या गेटाबाहेर सायकलचं दुकान आहे, ते तेव्हा उघडंही होतं. पण दुकानात जायचं म्हणजे हरल्यासारखं वाटलं. मग मी छिन्नी आणि हातोडी मागून आणली.

आधी मी चुकीच्या रिंगवर मारत होतो. फ्रीव्हीलच्या तोंडावर दोन बारीक भोकांची एक पातळ रिंग असते. ती म्हणजे फ्रीव्हीलचं झाकण, आणि तिचे आटे डावे! मी ती घड्याळाच्या उलट ठोकत होतो, म्हणजे उलट आवळत होतो. मग चूक कळली आणि आतल्या गाभ्याच्या खाचेत छिन्नी लावली. पहिल्या पाच-सहा घावांत खाचेची कड वाकली. पुढच्या पाच-सहा घावांत तिचा तुकडा उडाला. मग दुसरी खाच धरली, तिचंही तेच केलं. फ्रीव्हील जागचं हललं नाही. अर्ध्या तासात एका चांगल्या, चालत्या फ्रीव्हीलची मी वाट लावली होती. मोडले होते फक्त दोन स्पोक.

रात्री जेवताना मामांनी विचारलं, "झालं का रे?"

मी ताटाकडे बघत म्हणालो, "मामा, स्पोक मिळाले नाहीत बाजारात. उद्या करतो."

हे धडधडीत खोटं होतं. स्पोक माझ्या टेबलावर पडले होते.

रविवारी पहाटे मला आपोआप जाग आली. बाहेर भुरभुर पाऊस होता. गॅलरीत येऊन उभा राहिलो तर मामा गेटमधून आत येत होते. चालत. दोन हातांत दोन कॅन, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. दर वीस-पंचवीस पावलांवर कॅन खाली ठेवायचे, हात झटकायचे, पुन्हा उचलायचे. डेअरी इथून दोन किलोमीटर आहे. खाली जाऊन एक कॅन धरावा असं वाटलं, पण गेलो नाही. गेलो असतो तर बोलावं लागलं असतं.

रविवारी दुकान बंद. त्यामुळे सोमवारी पुन्हा तेच. मी गॅलरीत आलो नाही इतकंच.

सोमवारी लेक्चर संपल्यावर चाक घेऊन दुकानात गेलो. दुकानदार काकांनी फ्रीव्हीलवर नजर टाकली आणि विचारलं, "छिन्नी कुणी मारली?"

"माहीत नाही. आधीपासूनच असेल," मी म्हणालो. दोन दिवसांतलं दुसरं खोटं. काकांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्यावर हातोडी बसून नख काळं पडलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी एक डबा काढून समोर ठेवला.

डब्यात सात-आठ पाने होते. दोन पाकळ्यांचे, चार पाकळ्यांचे, बारीक दात्यांचे. दोन पाकळ्यांचेसुद्धा सगळे सारखे नव्हते. कुणाच्या पाकळ्या जाड, कुणाच्या पातळ, कुणातलं अंतर कमी, कुणातलं जास्त. "पाना नावावर घ्यायचा नाही," काका म्हणाले. "लावून बघायचा. आत टेकेपर्यंत गेला पाहिजे आणि हलता कामा नये. हलला तर तो आपला नाही."

तेवढ्यात एक मुलगा तसंच एक चाक घेऊन आला, तेव्हा काकांनी सगळी पद्धत मला करूनच दाखवली. आधी खाचांतला मळ खिळ्याने उकरून काढला. दोन पाने लावून पाहिले आणि परत ठेवले, तिसरा बरोबर बसला. मग एक्सलचा नट पान्यावरून हाताने फिरवून बसवला, म्हणजे जोर लागल्यावर पाना खाचेतून उसळणार नाही. पाना खाली करून व्हाइसमध्ये पकडला, आणि पान्याऐवजी चाकच फिरवलं! दोन हात रिमवर समोरासमोर, मोटारच्या स्टिअरिंगसारखं, वरून बघताना घड्याळाच्या उलट. 'कट्ट' असा आवाज झाला. आवाज येताच काका थांबले आणि नट सैल केला. तो तसाच ठेवला तर सुटणारं फ्रीव्हील नटावर दाबतं. मग उरलेले आटे आरामात फिरले. सगळं मिळून दोन मिनिटं.

बघा, कपल म्हणजे काय हे आपण फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये लिहून आलो. रिमचा व्यास सुमारे ६५ सेंटिमीटर. दोन्ही हातांनी २००-२०० न्यूटन लावलं तरी १३० न्यूटन-मीटर मिळतात. म्हणजे जोराची कमतरता मला कधीच नव्हती. जोर धरायला जागा हवी होती, ती मीच छिन्नीने उडवली होती.

काकांनी मित्राच्या पान्याचंही कोडं सोडवलं. तो गिअरच्या फ्रीव्हीलचा. आणि गिअरच्या सगळ्याच सायकलींना फ्रीव्हील नसतं. शिमानोने १९७८ साली फ्रीहब आणला तेव्हापासून दुसरा प्रकार रूढ झाला, ज्यात टिकटिक करणारा भाग हबमध्येच असतो आणि दात्यांची चक्रं वरून सरकवून एका रिंगने आवळतात. ओळखायचं कसं? चक्रं उलटी फिरवायची. मधली पाना बसायची जागा चक्रांबरोबर फिरली तर ती कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. कॅसेटचा पाना बारीक दात्यांचा असून दिसायला फ्रीव्हीलच्या पान्यासारखाच, पण माप किंचित वेगळं. दिसण्यावर जाऊ नये ते यासाठी.

मामांच्या चाकावर मात्र कुठलाच पाना बसेना. शेवटी काकांनी झाकणाची ती डावी रिंग घड्याळाच्या दिशेने ठोकून सोडवली. आतले छर्रे टपाटप जमिनीवर सांडले. बाहेरचं दात्यांचं कडं निघून हातात आलं, पाठोपाठ आतले दोन 'कुत्रे'. तेच ते टिकटिक करणारे. उरला तो नागडा गाभा. तो व्हाइसमध्ये आवळला आणि काका म्हणाले, "फिरव आता." मी रिम धरून फिरवली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा 'कट्ट'.

त्या आवाजानंतर मी म्हणालो, "काका, छिन्नी मीच मारली."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "ग्रीस दे तिकडचं."

हबच्या आट्यांना ग्रीस लावून नवीन फ्रीव्हील हातानेच फिरवत बसवलं. इथे घाई चालत नाही. हे आटे फार बारीक असतात, एका इंचात २४. वाकडं लागलं तर हबचेच आटे जायचे आणि मग अख्खं हब बदला. नवीन फ्रीव्हीलचे आणि मजुरीचे पैसे मी दिले. त्या महिन्यात रात्रीची ऑम्लेट-पाव बंद होती, एवढाच त्याचा हिशोब.

संध्याकाळी सायकल मामांसमोर उभी केली आणि सगळं सांगितलं. छिन्नी, स्पोक, सगळं. मामांनी चाक फिरवून पाहिलं. सरळ फिरत होतं. मग म्हणाले, "फ्रीव्हीलचं काय एवढं रे, लोखंडाची वस्तू, मोडते. पण शनिवारी रात्रीच खरं बोलला असतास, तर मी शेजारची सायकल मागून आणली असती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. फ्रीव्हील मोडल्याने मामांना फक्त एक सायकल दुरुस्तीला टाकावी लागली असती. दोन दिवस कॅन हातात उचलून पावसात चालावं लागलं, ते मी 'स्पोक मिळाले नाहीत' म्हणालो म्हणून.

असो. आता माझ्या रूममध्ये खिळ्याला दोन पाने टांगलेले आहेत. एक दोन पाकळ्यांचा, एक बारा दात्यांचा. व्हाइस वर्कशॉपमध्ये आहे आणि सरांनी रीतसर परवानगी दिली आहे. ज्याला लागेल त्याने यावं, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिली खोली. फक्त पाना मागायला एकटं येऊ नका, चाक घेऊन या. आधी लावून बघू. नाही बसला, तर दोघं मिळून काकांच्या दुकानात जाऊ.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी