दर एकविसाव्या दिवशीचं इंजेक्शन

हृदयविकार म्हटलं की आपल्याकडे बोलणं लगेच ब्लॉकेजवर येतं. कोलेस्टेरॉल, अँजिओप्लास्टी, स्टेंट, आणि शेवटी तेल कोणतं वापरावं याची चर्चा. माझं हृदय यातल्या कशानेच बिघडलेलं नाही. माझ्या रक्तवाहिन्या साफ आहेत. निकामी झाली ती हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप, आणि त्याची सुरुवात शाळकरी वयात घसा दुखण्यापासून झाली. आज तिच्या जागी धातूचं कडं आणि त्यात उघडमीट करणारी एक चकती आहे. डॉक्टर या आजाराला रुमॅटिक हृदयरोग म्हणतात; वॉर्डात आणि घरात त्याला नुसतं 'व्हॉल्व्हचा त्रास' म्हणतात. या आजाराबरोबर आयुष्य काढताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे आणि ते मी इथे पुराव्यानिशी मांडू पाहते. या रोगात ऑपरेशनपेक्षाही मोलाचा उपाय म्हणजे दर एकवीस दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि तोच उपाय आपण भीतीपोटी आणि हलगर्जीपणापोटी हातचा घालवत आहोत.

आधी रोग कसा चालतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस' हा जंतू घशात शिरतो, ताप येतो, घसा सुजतो आणि चारपाच दिवसांत मूल बरं होऊन शाळेत जायला लागतं. बहुतेक मुलांची गोष्ट इथेच संपते. काही थोड्या मुलांमध्ये मात्र जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची संरक्षक फौज आपल्याच पेशींवर उलटते, कारण जंतूची काही प्रथिनं हृदयातल्या प्रथिनांसारखी दिसतात. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, हाच रुमॅटिक ताप; गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा धरतो, मग मनगट. 5 ते 15 वर्षं हे याचं नेमकं वय, म्हणून घरात 'वाढीचं दुखणं आहे' असं म्हणून तेल चोळलं जातं. सांधे खरोखरच पूर्ण बरे होतात, आणि फसगत होते ती तिथेच. झडपेला झालेली इजा मागे राहते. त्यानंतर असाच घसा पुन्हा आला की ताप पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि प्रत्येक झटक्याने झडप आणखी जाड होते, तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटत जातात. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडच्या आत आलं की जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं झोपवत नाही, वरच्या कप्प्यात साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की तिशीतल्या बाईला अर्धांगवायू होतो. घसा दुखणं आणि हे सगळं यांच्यामध्ये दहा-वीस वर्षं जातात. ही वर्षं म्हणजेच आपल्या हातातली संधी आहे.

ही संधी काल्पनिक नाही, हे सिद्ध होऊनही फार काळ लोटला. 1940च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका लष्करी तळावर घशाच्या संसर्गाने आजारी पडणाऱ्या जवानांवर पेनिसिलिन तपासलं गेलं. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार औषध न मिळालेल्या सुमारे 800 जणांपैकी 17 जणांना रुमॅटिक ताप आला, औषध मिळालेल्या जवळजवळ तितक्याच जणांपैकी दोघांना. ही झाली पहिला झटका टाळण्याची गोष्ट. पण घसा दुखणारी बहुतेक मुलं विषाणूने आजारी असतात, प्रत्येकाला पेनिसिलिन देणं शक्यही नाही आणि शहाणपणाचंही नाही. शिवाय ज्यांना रुमॅटिक ताप येतो त्यांतल्या अनेकांना आधीचं घशाचं दुखणं आठवतसुद्धा नाही. म्हणून माझा सगळा भर दुसऱ्या टप्प्यावर आहे: ज्याला एकदा हा ताप येऊन गेला, किंवा ज्याच्या झडपेत रोगाची खूण सापडली, त्याच्या शरीरात पेनिसिलिनची पातळी सतत राखायची, म्हणजे पुढचा झटका येणारच नाही. युगांडात 5 ते 17 वयाच्या सुमारे 800 मुलांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेमकं हेच पाहिलं. या मुलांना कसलाच त्रास नव्हता, फक्त सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत झडपेवर सुरुवातीच्या खुणा दिसल्या होत्या. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी तिघांचा आजार पुढे सरकला होता. न घेणाऱ्यांपैकी 33 जणांचा. इंजेक्शनाविनाही बहुतेक मुलांचा आजार पुढे सरकला नाही हेही त्याच चाचणीतून दिसतं, आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्या 33 जणांतलं एक मूल आपलं असेल तर हिशेब वेगळा होतो.

मग हे इंजेक्शन मिळत का नाही? याचं पहिलं उत्तर मला प्रत्येक गावात, प्रत्येक दवाखान्यात एकच मिळत आलं आहे: 'रिअ‍ॅक्शन आली तर?' हा आक्षेप मी हलका मानत नाही. बेंझाथिन पेनिसिलिनची बाटली छोटी असते, तळाशी पांढरी कोरडी पूड. निर्जंतुक पाणी घालून हलवली की दाट, दुधाळ द्रव होतो, तो जाड सुईतूनही अडखळत उतरतो, थोडा वेळ लावला तर सुई तुंबते. कमरेखालच्या स्नायूत खोलवर 12 लाख युनिट हळूहळू सोडायचे. रुग्ण ओठ घट्ट मिटून पडलेला असतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाय ओढत चालतो. अशा वेळी रुग्ण पांढराफटक पडला तर एकट्या डॉक्टरची काय अवस्था होत असेल ते मला कळतं. पण भीती किती मोठी ठेवायची याला आकड्यांचा आधार हवा. 1991 साली अनेक देशांतल्या 1,790 रुग्णांना दिलेल्या 32,430 इंजेक्शनांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या घटना चार होत्या आणि मृत्यू एक, तोही झडप फारच खराब असलेल्या 15 वर्षांच्या रुग्णाचा. पुढे 2022 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशा मृत्यूंचा फेरविचार केला. अगदी थकलेल्या हृदयाच्या रुग्णांत वेदना आणि धास्तीने रक्तदाब कोसळतो, आणि त्यातले बरेच मृत्यू अ‍ॅलर्जीचे नसून हृदयाचे असावेत, असं मत त्यांनी मांडलं. त्यावर उपायही साधे सांगितले: उपाशीपोटी देऊ नका, आधी पाणी प्यायला लावा, आडवं झोपवून द्या, दुखणं कमी करा, आणि ज्यांचं हृदय फारच अशक्त आहे त्यांना इंजेक्शनऐवजी रोज पेनिसिलिनच्या गोळ्यांचा विचार करा. म्हणजे धोका आहे तो मुख्यतः उशिरा पोचलेल्या रुग्णांना. झडप अजून शाबूत असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला त्या भीतीने परत पाठवणं म्हणजे तिला काही वर्षांनी त्याच धोक्याच्या गटात ढकलणं आहे. अ‍ॅड्रिनलिनची कुपी जवळ ठेवून अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवणं हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातलं काम आहे.

दुसरा आक्षेप सुशिक्षित लोक घेतात. हा रोग गरिबीचा आहे, घरं मोठी झाली, गर्दी कमी झाली की तो आपोआप जाईल. युरोपात पेनिसिलिन येण्याआधीच तो ओसरू लागला होता. ही गोष्ट खरी आहे. एका खोलीत सात माणसं झोपणाऱ्या घरात जंतू एका घशातून दुसऱ्या घशात सहज जातो, आणि चांगल्या घरांची मागणी मीही करीन. पण ज्या मुलाला ताप येऊन गेला आहे त्याची झडप घरकुल मिळेपर्यंत थांबणार नाही. आणि रोग गेला हा समज आपण कशाने तपासतो यावर ठरतो. हरियाणातल्या बल्लभगड भागात शाळकरी मुलांची छाती स्टेथोस्कोपने तपासली तेव्हा हजारी एकाहून कमी मुलांत रोग सापडला. त्याच मुलांचा इको केला तेव्हा हजारी 20. हा 2011 सालचा अभ्यास आहे. इकोत दिसणारी प्रत्येक खूण पुढे आजार होईलच असं नाही, हे वर आलंच. तरीही, कानाला ऐकू येत नाही म्हणून रोग संपला असं म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो, कारण तो माझ्याच शरीराकडे बोट दाखवतो: आता ऑपरेशन होतं, सरकारी योजनेतून होतं, मग एवढी काळजी कशाला? यांत्रिक झडप ही थोर गोष्ट आहे. डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत देशी झडप घडली, 1990 मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली गेली, आणि परदेशी झडप न परवडणारे हजारो लोक तिच्यामुळे जगले. माझीही झडप त्याच बनावटीची आहे, आणि तिच्याबद्दल मला कृतज्ञतेखेरीज दुसरं काही वाटत नाही. पण ऑपरेशनने आजार संपत नाही, त्याचं रूप बदलतं. धातूवर रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल जन्मभर घ्यावं लागतं, आणि आयएनआर नावाचा आकडा मायट्रल झडपेसाठी साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवावा लागतो. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. पालक-मेथी एखाद्या आठवड्यात भरपूर आणि दुसऱ्या आठवड्यात मुळीच नाही असं चालत नाही. केमिस्टने सहज दिलेली दुखण्याची गोळीही महागात पडू शकते. तपासणी तालुक्याला होत नसेल तर दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याला जायचं. रक्त पातळ करणारी नवी औषधं, ज्यांना ही तपासणी लागत नाही, ती आमच्या उपयोगाची नाहीत: 2013 मध्ये यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रान तपासलं तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या, रक्तस्रावही जास्त झाला. बायकांची अडचण याहून मोठी. हा आजार बायकांमध्ये अधिक आहे, आणि गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं, तेव्हा अरुंद झडप पहिल्यांदा उघडी पडते. झडप बदललेली असेल तर गर्भाला वॉरफरिनचा धोका आणि आईला वॉरफरिन थांबवण्याचा धोका, या दोन्हींमधून वाट काढायची असते. ऑपरेशन आहे म्हणून इंजेक्शनची गरज नाही असं म्हणणाऱ्यांनी आयएनआरच्या रांगेत एक सकाळ बसून पाहावं. आणि झडप बदलल्यावरही बहुतेकांचं पेनिसिलिन सुटत नाही, कारण हृदयात बाकीच्या झडपा आहेतच.

राहिला प्रश्न पुरवठ्याचा आणि नोंदीचा. पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती मुळात देशाला पेनिसिलिन मिळावं म्हणून. ज्या राज्यात हे औषध पिकलं तिथेच रुग्णाने त्यासाठी दहा दुकानं हिंडावीत हे मला पटत नाही. औषध इतकं स्वस्त आहे की ते बनवण्यात कुणाला फारसा नफा दिसत नाही, म्हणूनच त्याची खरेदी आणि साठा सरकारनेच हमीने करायला हवा. शाळांतल्या तपासणीची व्यवस्थाही नव्याने शोधायची नाही. 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या 30 आजारांच्या यादीत रुमॅटिक हृदयरोग पहिल्यापासून आहे. गळती होते ती निदान झाल्यानंतर. इंजेक्शनचं कार्ड माहेरच्या गावातल्या केंद्राचं असतं. झडप बिघडलेली असेल तर ते किमान दहा वर्षं, पुष्कळांना चाळिशीपर्यंत चालू ठेवायचं असतं, आणि मधेच मुलीचं लग्न होतं. सासरी 'हृदयाचं इंजेक्शन' हे शब्द उच्चारायची तिला भीती वाटते, तिथल्या केंद्राला तिची माहिती नसते, आणि पुढची नोंद होते ती बाळंतपणात दम लागल्यावर. गरोदर बाई आणि लसीचं बाळ यांचा पाठपुरावा आशा ताई आजही घरोघर जाऊन करतात. त्यांच्या वहीत या मुलींची नावं, पुढची तारीख आणि गाव बदललं तर नव्या केंद्राचं नाव, एवढे तीन रकाने वाढवायला हवेत, आणि ती नोंद सासरच्या माणसांसमोर वाचली जाणार नाही अशी खबरदारी घ्यायला हवी.