देवनहळ्ळीच्या तटावरून: फ्रेंचभाषक वारशाची एक पायवाट

बेंगळूरूहून उत्तरेकडे जाणारा बळ्ळारी रस्ता हेब्बाळ आणि येलहंका मागे टाकून विमानतळाच्या फाट्यापाशी पोहोचतो, तेव्हा बहुतेक वाहने तेथेच वळतात आणि शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेले देवनहळ्ळी हे तालुक्याचे गाव त्यांतील प्रवाशांच्या नजरेस पडतही नाही. २००८ साली सुरू झालेला केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ याच तालुक्याच्या जमिनीवर उभा आहे. पण जो प्रवासी फाट्यावर न वळता सरळ पुढे जातो, त्याला काही मिनिटांत एक जुना, बसका, लांबट गोल आकाराचा दगडी तट लागतो आणि अठराव्या शतकातील दक्षिण भारताचा एक महत्त्वाचा धागा येथूनच हाती येतो. हा धागा फ्रेंच भाषकांचा आहे. येथे ‘फ्रेंच’ऐवजी ‘फ्रेंचभाषक’ असे मुद्दाम म्हटले आहे, आणि त्याचे कारण पुढे येईल.

फ्रेंच ही ज्यांची बोलण्याची, शिकण्याची किंवा कारभाराची भाषा आहे अशा सर्व समाजांच्या समूहाला ‘फ्रँकोफोनी’ म्हणतात. २० मार्च १९७० रोजी नायजरची राजधानी नियामे येथे या देशांच्या सहकार्य संस्थेचा करार झाला आणि त्याची आठवण म्हणून २० मार्च हा दिवस जगभर पाळला जातो. बेंगळूरूत या भाषेचे मुख्य ठिकाण म्हणजे वसंतनगरातील थिमय्या रस्त्यावरचे अलियाँस फ्राँसेज. फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झालेला २१ जूनचा संगीतदिन, ज्यात रस्त्यांवर आणि चौकांत मोकळ्या आकाशाखाली गाणे-वाजवणे चालते, या शहरातही साजरा होतो. हे उपक्रम मोलाचे आहेतच. मात्र ते भाषेचा वर्तमान साजरा करतात. त्या भाषेचा या मातीतला भूतकाळ पाहायचा असेल, तर पायांत बूट घालून देवनहळ्ळीचा तट चढण्याला पर्याय नाही, कारण येथे त्या भूतकाळाचे ना संग्रहालय आहे ना पाटी, आणि जे आहे ते चालूनच समजून घ्यावे लागते.

आवतीच्या पाळेगार घराण्यातील मल्ल बैरे गौडा याने १५०१ साली येथे मातीचा किल्ला बांधला असे मानले जाते. पाळेगार म्हणजे विजयनगरच्या छत्राखाली आपापला मुलूख राखणारे स्थानिक सत्ताधीश. पुढे म्हैसूरकरांच्या काळात या मातीच्या तटाला घडीव दगडाचे आवरण मिळाले. किल्ल्याचा विस्तार सुमारे वीस एकर असून त्याला बारा अर्धगोलाकार बुरूज आहेत आणि पूर्वेला व पश्चिमेला असलेले दरवाजे इतके अरुंद आहेत की घोडेस्वार जाईल, मोठी गाडी नाही. तटाच्या आतल्या अंगाला फांजी, म्हणजे पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी तटावरच ठेवलेली रुंद वाट, चांगली प्रशस्त आहे; तिच्यावरून चालताना एका हाताला विटा-चुन्यात बांधलेल्या तोफांच्या जागा आणि दुसऱ्या हाताला आजही नांदते गाव, त्यातली घरे, वेणुगोपालस्वामींचे मंदिर आणि दिवाण पूर्णय्याच्या नावाने ओळखला जाणारा वाडा असे दोन काळ एकदम दिसत राहतात.

या बांधकामात फ्रेंच हात शोधण्याचा मोह होतो, आणि तो आवरणे आवश्यक आहे. सतराव्या शतकात व्होबाँ (१६३३–१७०७) या फ्रेंच अभियंत्याने ज्या दुर्गरचनेला पूर्णत्व दिले, तिचे लक्षण म्हणजे बाणाच्या टोकासारखे कोनदार बुरूज. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक लहानसा पट्टा असा राहतो की तेथे पोहोचलेल्या शत्रूवर शेजारच्या बुरुजांतूनही मारा करता येत नाही. कोनदार बुरुजाच्या दोन्ही बाजू मात्र शेजारच्या बुरुजांच्या नजरेत येतात आणि तो आडोसा नाहीसा होतो. देवनहळ्ळीचे बुरूज सरळसरळ गोल आहेत. म्हणजे हा किल्ला दख्खनी परंपरेचा आहे, आणि त्याच्याशी असलेले फ्रेंच भाषकांचे नाते दगडाचे नसून माणसांचे आहे.

ते नाते सुरू होते १७४९ च्या वेढ्यापासून. म्हैसूरचा सर्वाधिकारी नंजराज याने त्या वर्षी देवनहळ्ळीला वेढा घातला, आणि कित्येक महिने चाललेल्या या वेढ्यात हैदर अली हा तोवर अप्रसिद्ध असलेला शिपाई प्रथम वरिष्ठांच्या नजरेत भरला. मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे त्याबद्दल त्याला पन्नास स्वार आणि दोनशे पायदळ यांची सरदारी मिळाली. रूढ तारखेनुसार २० नोव्हेंबर १७५० रोजी याच गावी त्याला मुलगा झाला, तो म्हणजे पुढे म्हैसूरचा सुलतान झालेला टिपू. काही अभ्यासक हे साल १७५१ धरतात. डिसेंबर १७५० मध्ये जिंजीजवळ निजाम नासिरजंगाच्या छावणीवर पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर द्युप्लेक्स याच्या फौजेने हल्ला केला आणि त्या गोंधळात नासिरजंग मारला गेला, तेव्हा म्हैसूरच्या तुकडीबरोबर हैदर तेथे होता. कवायती पायदळाची शिस्त मोठ्या घोडदळाला कशी उधळून लावते हे त्याने तेथे पाहिले, लुटीचा मोठा वाटा मिळवला आणि परतल्यावर पाँडिचेरीच्या पलटणींतून पळून आलेल्या फ्रेंच शिपायांना चाकरीस ठेवून आपल्या माणसांना कवायत शिकवली. रूढ तारीख खरी मानली, तर देवनहळ्ळीत टिपूचा जन्म आणि जिंजीची ही घटना यांत महिन्याचेही अंतर नाही. जानेवारी १७६१ मध्ये पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडल्यावर तेथील आणखी काही सैनिक आणि कारागीर हैदरकडे आले. त्याच्या तोफखान्यात काम केलेल्या मेत्र द ला तूर याने लिहिलेले हैदरचे चरित्र १७८३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले, यावरून या गोष्टींबद्दल तेथे किती कुतूहल होते हे कळते.

या पाहुण्यांपैकी सर्वांत ठळक नाव कर्नल लाली याचे. हैदर आणि टिपू या दोघांच्या पदरी असलेला हा अधिकारी १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत लढला, आणि श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतील भित्तिचित्रात तो आजही दुर्बीण डोळ्याला लावून उभा आहे. तो फ्रान्सचा नव्हे, तर आल्प्स पर्वतातील सॅव्हॉय या प्रांताचा होता, जेथे बोलणे फ्रेंच पण राज्य सार्डिनियाच्या राजाचे होते. सॅव्हॉय फ्रान्सला कायमचा जोडला गेला तो १८६० साली. मराठी वाचकाला येथे चटकन दुसरे नाव आठवावे. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा बन्वा द ब्वान्य, ज्याला मराठी बखरी आणि पत्रे डीबॉइन म्हणून ओळखतात, तोही सॅव्हॉयचाच, शाँबेरी गावचा. त्याच्या स्मरणार्थ १८३८ साली उभारलेले चार हत्तींचे कारंजे तेथे आजही आहे. डोंगराळ, गरीब अशा एका छोट्या फ्रेंचभाषक प्रांताने म्हैसूर आणि ग्वाल्हेर या दोन परस्परविरोधी दरबारांना सेनानी पुरवले, ही गोष्ट देवनहळ्ळीच्या तटावर उभे राहून आठवली, की ‘फ्रेंच वारसा’ या शब्दांचा आवाका एका देशाच्या झेंड्यापेक्षा मोठा आहे हे पटते.

किल्ल्याबाहेर थोड्या अंतरावर टिपूचे जन्मस्थान दाखवतात: खांबांचे एक छोटेसे मोकळे आवार आणि एक शिलालेख. हे आवार आणि किल्ला, दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. टिपूविषयी कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही तीव्र व परस्परविरोधी मते आहेत, आणि त्यांचा निवाडा या भटकंतीत होण्यासारखा नाही. पण या लहानशा जागेत जन्मलेल्या माणसाने थेट व्हर्सायशी बोलणी केली, एवढे मात्र नोंदले पाहिजे. मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान हे त्याचे तीन वकील १७८७ साली पाँडिचेरीहून निघाले, जून १७८८ मध्ये तूलाँ बंदरात उतरले आणि ऑगस्टमध्ये सोळाव्या लुईला भेटले. लष्करी मदत त्यांना मिळाली नाही, कारण फ्रान्सचा खजिना रिकामा होता आणि क्रांती वर्षभरावर आली होती. टिपूने मागितलेले काही कारागीर मात्र त्यांच्याबरोबर आले. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने काढलेले दरवेश खानाचे भव्य चित्र ही त्या भेटीची सर्वांत सुंदर खूण होय.

देवनहळ्ळीहून पुढे नंदीकडे निघावे. वाटेत पपनसाच्या बागा कमी होत चालल्या असल्या, तरी येथल्या पपनसाला, ज्याला स्थानिक लोक चकोत म्हणतात, भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि हंगामात ते अवश्य चाखावे. नंदीदुर्गाची उंची १,४७८ मीटर. वर गाडी जाते. परंतु पायथ्याच्या सुलतानपेटेपासून हजाराहून अधिक दगडी पायऱ्यांची जुनी वाट आहे, आणि तीच धरावी, कारण २१ मार्च १७९१ रोजी टिपूकडून बेंगळूरूचा किल्ला घेतल्यावर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला देवनहळ्ळी सहज मिळाली, पण नंदीसाठी जनरल मेडोजला ऑक्टोबरपर्यंत का झगडावे लागले, हे ती चढण पायांना समजावून देते. टिपूविरुद्धच्या त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या, याचेही स्मरण मराठी पांथस्थाने येथे ठेवावे. फ्रेंचभाषकही नेहमी एकाच बाजूला नव्हते: १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणवर चालून गेलेल्या इंग्रज सैन्यात स्वित्झर्लंडकडच्या न्यूशातेल येथील द म्यूराँ कुटुंबाने उभारलेली पलटण होती. तिच्या माणसांच्या कबरी असलेले श्रीरंगपट्टणच्या दफनभूमीचे आवार त्या घराण्याच्या वंशजांच्या मदतीने दुरुस्त झाले आहे. वारसा साजरा करण्याची ही रीत कोणत्याही मेजवानीपेक्षा श्रेष्ठ मानावी लागेल.

तशी रीत देवनहळ्ळीतही रुजू शकते. फ्रान्सने १९८४ साली ऐतिहासिक वास्तू एका दिवसासाठी सर्वांना खुल्या करण्याचा उपक्रम सुरू केला. आता तो तेथे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी आणि युरोपात इतरत्रही चालतो आणि त्यात चालत जाऊन पाहण्याला मोठे स्थान आहे. भारतात १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह म्हणून पाळला जातो आणि टिपूची रूढ जन्मतारीख नेमकी त्यात येते. पाऊस ओसरून हवा थंड झालेली असते. बेंगळूरूतील फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या आठवड्यात एक सकाळ फांजीवर घालवावी आणि गावातल्या मुलांना, कन्नडमध्येच, लालीची आणि दरवेश खानाची हकीकत सांगावी. किल्ल्याबाहेरच्या लाल, टणक मोकळ्या जमिनीवर पेताँक खेळता येईल. १९०७ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील ला स्योता येथे जन्मलेल्या या खेळात खेळाडू आखलेल्या वर्तुळात उभा राहून साडेसहाशे ते आठशे ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा सहा ते दहा मीटरवरच्या लहानशा लाकडी गोळीजवळ टाकतो. त्याला गवत लागत नाही, पैसा फारसा लागत नाही आणि म्हातारे-तरुण एकत्र खेळू शकतात. पाँडिचेरीत फ्रेंच सैन्यातून निवृत्त झालेल्या सैनिकांच्या तमिळ कुटुंबांनी तो आपलासा केलेला आहेच.

बेंगळूरूच्या विमानतळावर उतरणाऱ्या किंवा तेथून निघणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या मोठी आहे, आणि हाती दोन-तीन तास मोकळे असण्याचे प्रसंगही त्यांना येतातच. त्यांनी ते विमानतळाच्या दुकानांत न घालवता गाडी उत्तरेकडे वळवावी, पूर्वेच्या दरवाजाने किल्ल्यात शिरावे आणि फांजीवरून चालत सगळे बुरूज पाहून यावेत. सकाळी लवकर गेल्यास ऊन लागत नाही.