खाडीपलीकडचे शहर
वाशीच्या खाडीपुलावर गाडी आली, की मला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल आठवतात. मुंबई उत्तरेकडे ताणण्याऐवजी खाडीपलीकडे वाढवा, असा सल्ला या त्रयीने १९६४-६५च्या सुमारास सरकारला आपणहून दिला. १९७० साली सिडको निघाली, कोरिया तिचे प्रमुख वास्तुशिल्पज्ञ झाले. नकाशावर जागा मोकळी दिसत होती; पण तिथे ९५ गावांची भातखाचरे आणि मिठागरे होती! जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढताना जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच जण गेले. मग साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. नगररचनेचा व्यवसाय करू म्हणणाऱ्या मुलामुलींना आईबापांनी या गावांच्या पारावर जरूर नेऊन बसवावे.