झुरळ आणि वाळवी

लहानपणीं मला झुरळाचा अतिशय तिटकारा असे. श्रीवर्धनच्या आमच्या कौलारू घरांत दिवा मालवला कीं मोरीजवळ एखादें तांबूस, लांब मिशांचें झुरळ फिरूं लागे, आणि मी केरसुणी घेऊन त्याच्या पाठीस लागें. माजघराच्या भिंतीवरील वाळवीची मातीची बारीक रेघ मात्र मी रोज पाहीं व रोज विसरें.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलें. कौलें उडालीं, वाडींतील पोफळी धडाधड कोसळल्या. घर आवरतांना आजोबांच्या पत्रांची लांकडी पेटी बाहेर काढली. वरून ती धडधाकट दिसत होती. पण झांकण उघडतांच आंत पत्रांच्या जागीं माती आणि पांढुरक्या किड्यांची लगबग! एका पत्राचा कोपरा तेवढा उरला होता. आईनें तो पदराला पुसला. ती कांहींच बोलली नाहीं.

तेव्हांपासून मी ह्या दोन कीटकांविषयीं वाचूं लागलों. वाळवी दिसावयास मुंगीसारखी, पण ती मुंगीची नातलग नव्हे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासानें ती झुरळांच्याच वंशांतली असल्याचें दाखविलें, व पुढें तिचा स्वतंत्र गण मोडून तिला झुरळांच्या गणांत बसविण्यांत आलें.

कूळ एक, पण रीत किती निराळी! घरांतल्या तांबूस झुरळाची मादी सुमारें १५ अंड्यांची डबी आडोशाला चिकटवून निघून जाते. पिलांनीं आपलें पोट आपणच भरावें. वारूळ करणाऱ्या वाळवीच्या घरीं राजा, राणी, शिपाई आणि कामकरी. कामकरी आंधळे, तरी ते माती रचतात, पिलांना भरवितात व जमिनीखालीं बुरशीची शेती करतात. पावसाळ्यांत वारुळावर उगवणारी अळंबी आपण आवडीनें खातों, ती ह्याच बुरशीची.

मग वाळवीला शत्रु तरी कसें म्हणावें? वाडींत पडून राहिलेले पोफळीचे बुंधे तिनेंच मातीस मिळविले, आणि त्या मातींत आज नवीं रोपें उभीं आहेत. लांकूड कोणतें व पत्र कोणतें, हें तिनें कसें ओळखावें? ओल्या जमिनीवर पेटी आम्हीं ठेविली; भिंतीवरची रेघ मीं पाहिली आणि पुसली नाहीं.

बालमित्रहो, धांवणारें झुरळ सर्वांना दिसतें. आतां मी दर रविवारीं घरांतल्या पेट्या उचलून त्यांच्या तळाशीं पाहतों. पत्राचा तो कोपरा आईनें पितळी डब्यांत जपून ठेविला आहे.