नाकाचा पडदा

तळोजा एमआयडीसीतल्या एका छोट्या गाळ्यात मी हार्ड क्रोमच्या टाकीवर कामाला होतो. जेसीबीचे, ट्रकच्या हायड्रॉलिकचे झिजलेले रॉड आमच्याकडे यायचे. घासून, तेल काढून, जिगला बांधून ते गडद लाल पाण्यात सोडायचे आणि वीज सोडणारा रेक्टिफायर चालू करायचा.

त्या पाण्यात लिटरमागे साधारण 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिड, तेही 50-55 अंशांना तापवलेलं. सोडलेल्या विजेतली फार थोडी क्रोम चढवण्याच्या कामी येते. बाकीची बहुतेक हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. बुडबुडा वर येऊन फुटला की त्याच्याबरोबर ॲसिडचे बारीक तुषार उडतात, आणि टाकीवर वाकलेला माणूस ते नाकात घेतो. टाकीच्या कडेने हवा ओढणारा डक्ट होता. पट्टा तुटल्यापासून त्याचा पंखा बंद होता. रॉड वेळेवर जायला हवेत म्हणून रेक्टिफायर बिघडला तर त्याच दिवशी माणूस यायचा. पंख्यासाठी कोणी आलं नाही. याचा राग मला अजून येतो.

आधी शिंका, मग नाकात खपल्या, मग सकाळी तोंड धुताना रक्त. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला गोल, खोल जखमा झाल्या. त्या दुखत नव्हत्या, आणि घात तिथेच झाला. दुखत नाही म्हणून सुट्टी नाही, सुट्टी नाही म्हणून औषध नाही. मिस्त्री म्हणायचे, "क्रोम चावलंय, होईल बरं. आमच्या पण हाताला बघ." खरंच, त्यांच्या हातावर जुने व्रण होते.

पुढे रक्त थांबलं, पण श्वास घेताना नाकातून बारीक शिट्टी यायला लागली. रात्री बायको विचारायची, "अहो, हा आवाज कसला?" पनवेलच्या एका डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, काम काय करता, हे विचारलंच नाही. दुसऱ्यांनी नाकात बॅटरी मारली आणि लगेच म्हणाले, "हात दाखवा बघू." हात बघून त्यांनीच विचारलं, "क्रोम प्लेटिंग?" नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. ते आपोआप भरून येत नाही. हेच क्रोम फुफ्फुसाचा कर्करोगही करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1990 मध्येच ते नक्की कर्करोगकारक ठरवलं आहे.

क्रोमच्या या जखमा 1948 च्या कारखाने कायद्यातल्या कळवायच्या रोगांच्या यादीत होत्या, 2020 च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेच्या यादीतही आहेत. असा रोगी आढळला की मालकाने आणि डॉक्टरनेही सरकारला कळवायचं असतं. माझ्या पहिल्या केसपेपरवर एवढंच होतं: नाकातून रक्त. ठेकेदाराच्या हजेरीवर असल्यामुळे माझ्याकडे कंपनीचा कागदही नव्हता.

तळोज्यात, कळंबोलीत, कुठेही प्लेटिंगवर असलेल्यांना माझं सांगणं आहे: दुखण्याची वाट बघू नका. नाकात खपली धरली की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, क्रोमवर काम करतो हे आपणहून सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. आणि डॉक्टरांनो, औषध लिहिण्याआधी कामगाराला त्याचं काम विचारा.