फायलींचे बारसे

मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते. पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. संगणकावरील फाईलच्या नशिबी एवढे कौतुक नसते. 'हिचे नाव काय ठेवू?' असे यंत्र विचारते, तेव्हा आपण नेमके घाईत असतो. मग तोंडाला येईल ते नाव देऊन मोकळे होतो.

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. संपादक मंडळात पाच-सहा मुले. कोणी चित्रे काढतो, कोणी मुद्रिते तपासते, कोणी पाने लावतो. सारा व्यवहार फायलींचा. 'लेख अंतिम', 'लेख अंतिम नवीन', 'लेख खरोखर अंतिम', 'सरांनी पाहिलेला अंतिम'! अंतिमाच्या पुढे काही नसते, हे वर्गात शिकवून मी खाली यावे, तो माझ्याच टेबलावर चार अंतिम हजर. मलाही त्याची गंमत वाटे.

गेल्या वर्षी ती गंमत संपली. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने वडिलांवर लेख दिला होता. ते इस्पितळात होते. 'बाबा आता बरे होत आहेत, पाडव्याला घरी येतील,' असा लेखाचा शेवट होता. मी चार-दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि फाईलला नाव दिले, 'अंतिम'. पंधरा दिवसांनी तिने शेवटचा परिच्छेद बदलून लेख पुन्हा पाठवला. वडील गेले होते. त्या फाईलला तिने नुसते लेखाचे नाव दिले होते. 'अंतिम' हा शब्द तिच्याने लिहवला नसावा. छापखान्यात गेली ती माझी फाईल.

अंक निघाला. ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, जुनाच गेला." एवढेच. शुद्धिपत्रकाने भागण्यासारखी ही चूक नव्हती. ते पान आम्ही नव्याने छापून घेतले आणि दोन दिवस डिंकाच्या बाटल्या घेऊन प्रत्येक प्रतीत चिकटवत बसलो. तीही बसली.

त्यानंतर नियम झाले. नावात आधी तारीख. तीही वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने. आपण दिवस आधी लिहितो, पण यंत्र नावे डावीकडून लावते. त्यामुळे १ डिसेंबर हा २ मार्चच्या आधी जाऊन बसतो. वर्ष आधी लिहिण्याची रीत आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ सालीच घालून दिली आहे. तारखेनंतर प्रकार, लेखकाचे आडनाव आणि खर्ड्याचा क्रमांक: '२०२५-०८-०४_लेख_जोशी_खर्डा०३'. जुने खर्डे पुसायचे नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. छापायला जाणारी प्रत आधी लेखकाला दाखवायची. आणि 'अंतिम' हा शब्द वर्ज्य.

मुले प्रथम कुरकुरली. कविता लिहिणाऱ्यांना ही कारकुनी वाटली. मी त्यांना जुन्या मराठी पत्रांची गोष्ट सांगितली. त्यांत तिथी असते, साल पुष्कळदा नसते. ते ठरवण्यासाठी राजवाड्यांसारख्या संशोधकांना मजकुरातले बारीकसारीक दुवे शोधावे लागले. लिहिणाऱ्याला वाटते, आजचे साल कोण विसरणार? आणि नेमके तेच सगळे विसरतात. फाईलचे नाव स्वतःसाठी ठेवायचेच नसते. जो आपल्यामागून ती उघडणार, त्याच्यासाठी ठेवायचे असते.

ती मुलगी यंदा संपादक मंडळात आहे. छापखान्याच्या फोल्डरची किल्ली तिच्याकडे. फाईल आत ठेवण्यापूर्वी ती नावातली तारीख पाहते, लेखकाला फोन करते आणि विचारते, "यानंतर काही बदललं नाही ना?"