मुदत आणि मुहूर्त

यादी करण्यात एक निराळेच सुख आहे. काम कागदावर उतरले की ते निम्मे झाल्यासारखे वाटते. उरलेल्या निम्म्याची काळजी मग कागदाने करावी! आमच्या आईची यादी कालनिर्णयच्या चौकोनांत मावत असे. गॅस कधी लावला, दुधाचा खाडा कधी झाला, भिशीचा हप्ता केव्हा द्यायचा, एवढे लिहिले की चौकोन भरून जाई. चौकोन लहान असणे हीच त्याची मोठी सोय होती.

आता यादी मोबाइलमध्ये गेली आहे आणि तिथे जागेला तोटा नाही. प्रत्येक कामापुढे तारखेचा एक रकाना असतो. तारीख घातली की ते काम त्या दिवशी ‘आज’ या मथळ्याखाली येऊन उभे राहते. तारीख उलटली की अक्षरे लाल होतात. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांची यादी मी परवा पाहिली, तर ती कुंकू सांडल्यासारखी लाल! वीजबिल लाल, उत्तरपत्रिका लाल आणि ‘माळ्यावरची पितळी भांडी काढणे’ हेही लालच.

“सर, भांडी चौदा तारखेलाच काढायची असं कुणी सांगितलं होतं?” मी विचारले.

“कुणीच नाही हो, मॅडम. पण तारीख घातली नाही तर ते काम डोळ्यांसमोर येतच नाही ना!”

सरांच्या या उत्तरात साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे. रकाना एक आणि त्याच्याकडून कामे दोन. एखादी गोष्ट केव्हापर्यंत झाली पाहिजे हेही त्यानेच सांगायचे आणि ती नजरेस केव्हा पडावी हेही त्यानेच. वीजबिलाची तारीख चुकली तर वरचा आकार भरावा लागतो. भांड्यांची चुकली तर भांडी काही रुसत नाहीत. पण लाल रंग दोघांनाही सारखाच. मग डोळ्यांना त्या लालीची सवय होते आणि खरोखरीचे निकडीचे काम गर्दीत हरवून जाते.

मला गंमत वाटते ती अशी, की आपल्या भाषेने या दोन तारखांना केव्हाच दोन नावे देऊन ठेवली आहेत. एक मुदत आणि दुसरा मुहूर्त. मुदत अरबीतून आलेली, मुहूर्त संस्कृतातला. मुदत बहुधा दुसऱ्याने घातलेली असते: बँकेने, सरकारने, विद्यापीठाने. मुहूर्त आपला आपण काढायचा असतो. मुदत संपते, मुहूर्त लागतो.

माझे सासरे केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक. त्यांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. पण सासऱ्यांना अजून दोन वर्षे अवकाश आहे. तेव्हा त्यांचा मुहूर्त १ नोव्हेंबर आणि मुदत ३० नोव्हेंबर. जूनमध्ये रोज सकाळी ती ओळ पाहून करायचे काय? ती पडद्याआड असलेलीच बरी.

हा भेद ॲप तयार करणाऱ्यांच्याही ध्यानात आला आहे. ‘थिंग्ज’ आणि ‘ऑम्निफोकस’ यांत दोन्ही तारखा वेगवेगळ्या घालता येतात. ‘टूडूइस्ट’ने मुदतीचा स्वतंत्र रकाना २०२४ साली दिला. ज्यांच्या ॲपात रकाना एकच आहे त्यांनी तो मुहूर्तासाठी राखावा आणि मुदत कामाच्या नावातच लिहावी: ‘हयातीचा दाखला, ३० नोव्हेंबरपर्यंत’. आमच्या घरी हाच शिरस्ता आहे. ज्या कामाला मुदत नाही त्याला खोटी मुदत घालायची नाही.

परंतु ज्यांना मुदतही नाही आणि मुहूर्तही नाही, अशा कामांचे काय? ‘थिंग्ज’मध्ये त्यांच्यासाठी ‘कधीतरी’ अशा अर्थाचा एक कप्पा असतो. फार सोयीचा कप्पा! त्यात टाकलेले काम कधी लाल होत नाही, कधी समोर येत नाही, कधी टोचत नाही. आणि आयुष्यातली पुष्कळशी मोलाची कामे नेमकी तिथेच जाऊन बसतात.

वाईला माझी मावशी असते. वय शहाऐंशी. तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आता तिच्याखेरीज कुणालाच येत नाहीत. त्या उतरवून घेण्याच्या कामाला मुदत नाही असे कोण म्हणेल? मुदत आहे, फक्त ती कुणी आधी कळवणार नाही. म्हणून मी त्याला मुहूर्त काढून दिला आहे: दर महिन्याचा दुसरा शनिवार. ॲप तो आपोआप पुढल्या महिन्यात आणून ठेवते.

नुसते विचारले तर मावशीला ओव्या आठवत नाहीत. तांदूळ निवडायला घेतले की एकेक ओठांवर येते. गेल्या खेपेला चार सांगून ती थांबली. मी म्हटले, “मावशी, अजून एखादी?”

“राहू दे गं,” ती म्हणाली. “सगळ्या आजच सांगून टाकल्या, तर पुढच्या महिन्यात येशील कशाला?”